फर्लो आणि विसावा: मायदेशी आलेलं मिशनरी कुटुंब सुट्टीवर नसतं

फर्लो हा शब्द आज आपल्याला भेटतो तो तुरुंगाच्या बातम्यांत, कैद्याची संचित रजा म्हणून. ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या माणसांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ निराळा. "साहेब फर्लोवर गेलेत" म्हणजे अमेरिकेतून किंवा स्कॉटलंडहून आलेलं मिशनरी कुटुंब काही वर्षं इथे राबून वर्षभरासाठी मायदेशी गेलं. ऐकणाऱ्याला वाटायचं, चला, वर्षभर आराम. मायदेशातल्या मंडळीलाही तसंच वाटायचं, आणि आजही वाटतं. फर्लो आणि विसावा या दोन गोष्टी एकच धरल्या की कुटुंबाला दुसरी मिळतच नाही.

फर्लो हे काम आहे. पैसे पाठवणाऱ्या मंडळ्यांना भेटायचं, दर रविवारी वेगळ्या गावी बोलायचं, फोटो दाखवायचे, संस्थेच्या कचेरीत अहवाल द्यायचा, आटलेली वर्गणी पुन्हा उभी करायची. मधल्या दिवसांत दात, डोळे, रक्ताच्या तपासण्या, मुलांचे शाळाप्रवेश आणि थकलेल्या आईवडिलांची दुखणी. पूर्वी सात वर्षं काम आणि एक वर्ष घर असा हिशेब असे; आता मुदती आखूड झाल्या आहेत आणि बऱ्याच संस्थांनी फर्लो शब्द सोडून 'होम असाइनमेंट' म्हणायला सुरुवात केली आहे. मला हा बदल प्रामाणिक वाटतो. असाइनमेंट म्हणजे नेमून दिलेलं काम, हे निदान नावातच कबूल केलेलं आहे.

विसाव्याची खूण सोपी आहे. उद्या सकाळी कुणाला काही सांगायचं नसतं. आपण कसे दिसतो, किती माणसं ख्रिस्ताकडे वळली, पैसे कुठे गेले, यातलं कुणी काही विचारणार नसतं.

पवित्र शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्ये, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या १४व्या अध्यायात पौल आणि बर्णबा हे प्रचारक त्यांना पाठवणाऱ्या मंडळीकडे, अंत्युखियाला, परततात, मंडळी गोळा करून घडलेलं सगळं सांगतात. हा फर्लो. मार्काच्या ६व्या अध्यायात शिष्य दमून येतात, त्यांना जेवायलाही सवड नसते, तेव्हा येशू त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो. पण त्यांची होडी पोचण्याआधीच लोक किनाऱ्याकिनाऱ्याने धावत पुढे जाऊन उभे राहतात. मायदेशी उतरलेल्या कुटुंबाचं नेमकं हेच होतं. ते लोक वाईट नव्हते, त्यांना ओढ होती. विसावा बहुतेक वेळा प्रेमापोटीच मोडला जातो.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मराठी मिशनची सुरुवात ती. हॉल पुन्हा कधीच घरी गेले नाहीत, १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीने वारले. आपल्या भाषेचं व्याकरण छापणारे विल्यम कॅरी १७९३ ला भारतात आले ते १८३४ मध्ये श्रीरामपूरलाच वारले, बंगालमधल्या श्रीरामपूरला. त्या पिढीला फर्लो ठाऊकच नव्हता.

हॉल यांच्यासोबत दीक्षा घेतलेले अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात गेले. ३३ वर्षांनी, १८४५ मध्ये, ते प्रथमच अमेरिकेला निघाले, तेही पत्नी सारा यांच्या प्रकृतीसाठी. बरोबर तीन मोठी मुलं होती, तीन लहानगी मागे ठेवलेली. सारा वाटेतच, सेंट हेलेना बेटाशी वारल्या. जडसन बोस्टनला उतरले तेव्हा त्यांचा घसा आणि छाती इतकी बिघडलेली होती की ते जेमतेम कुजबुजू शकत. तरी सभा भरल्या. ते हळू आवाजात बोलत आणि शेजारी उभा असलेला माणूस ते मोठ्याने सभेला ऐकवी. पुढच्या जुलैत ते पुन्हा जहाजावर चढले. विधुर, आजारी माणसाचा तो काळ आपण विश्रांती म्हणून मोजायचा का? मला तो प्रसंग वाचताना दर वेळी वाटतं, कुणीतरी त्यांना महिनाभर गप्प बसू द्यायला हवं होतं.

जहाजाने मात्र एक गोष्ट नकळत दिली होती. हाल होते, जीवही जात, पण कित्येक आठवडे कुणाचं पत्र नाही, सभा नाही. एक देश मनातून उतरायला आणि दुसरा चढायला वेळ मिळे. विमानाने तो वेळ काढून घेतला. शनिवारी भारतात निरोप, रविवारी तिकडे व्यासपीठ. खरा विसावा जुन्या लोकांना मिळे तो इथेच: मे महिन्यात महाबळेश्वर, पाचगणी, किंवा कोडाईकनाल. मदुरेच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये कोडाईत बंगले बांधले ते ताप आणि मृत्यू टाळण्यासाठी.

घरातल्या बाईचं बघा. आपल्याकडे लेक माहेरी आली की पहिले चार दिवस तिला कुणी चूल दाखवत नाही. मिशनरी पत्नी मायदेशी जाते ते बहुधा उसन्या घरात, परक्या भांड्यांत. त्यासाठीच १९२२ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हेंटनॉरला अशा कुटुंबांसाठी घरं उभी राहिली, हे फार शहाणपणाचं काम झालं. आणि मुलं? आईबाप 'घरी' चाललेले असतात, मुलं घर सोडून. १९५०च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम यांना अशा मुलांसाठी 'थर्ड कल्चर' हा शब्द सापडला: ना धड इथली, ना धड तिथली, त्यांची तिसरीच संस्कृती. अशा मुलाला व्यासपीठावर उभं करून "मराठीत गाणं म्हण ना" म्हणणं कौतुकाचं असलं तरी त्याच्यासाठी ती परीक्षाच.

हे सगळं तमिळनाडूतून येऊन आपल्या आदिवासी भागांत राहिलेल्या कुटुंबांनाही लागू आहे, आणि मराठी मंडळ्यांनी बाहेर पाठवलेल्यांनाही. आपल्या मंडळीतलं असं कुटुंब परत येणार असेल तर पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, दोन वेगळ्या तारखा ठरवाव्यात. विसावा आधी, दौरा नंतर. शेवटच्या पंधरवड्यात विश्रांती ठेवली की ती व्हिसा, लसी आणि सामानाच्या वजनात संपते. पहिले तीन आठवडे जेवणाचं आमंत्रणही नको. डबा दाराशी ठेवावा, चौकशी न करता परतावं. घरात तांदूळ, चहा, साखर, गादीवर धुतलेली चादर, आणि किल्ली त्यांच्या हातात.