चांदणीच्या आकाराची बेस गिटार

१९७५ साली बूट्सी कॉलिन्स एका चित्राचा कागद घेऊन गिटारच्या दुकानांत फिरत होता. त्याला चांदणीच्या आकाराची बेस गिटार, म्हणजे खर्जाचे सूर वाजवणारी गिटार, हवी होती. सिनसिनाटीचा हा वादक १९७० मध्ये, विशीही गाठली नसताना, अमेरिकी गायक जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात वाजवत होता. पुढे तो जॉर्ज क्लिंटनच्या फंक (ठेक्यावर नाचवणारं संगीत) मंडळींत गेला. तिथे चमकते पोशाख असायचे आणि पुढे तर रंगमंचावर अंतराळयानही उतरू लागलं. अशा ठिकाणी नेहमीची गिटार कशी चालणार? बूट्सीने पुढे सांगितलंय, की चित्र पाहून बऱ्याच जणांनी त्याला वाटेला लावलं. शेवटी मिशिगनमधल्या लॅरी प्लेस या तरुण कारागिराने काम अंगावर घेतलं आणि ‘स्पेस बेस’ तयार झाली.

मला या गोष्टीत वादकाइतकाच कारागीर मोठा वाटतो. पण असा आकार मुळात शक्य कसा झाला, हे कळायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

त्या काळी बेस म्हणजे माणसाएवढा उंच, पोकळ, उभा धरायचा डबल बेस. त्याचा आवाज पोटातल्या हवेतून निघतो, त्यामुळे आकाराला हात लावायची सोय नाही. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचंही तसंच, भोपळ्याच्या जागी चांदणी बसवता येणार नाही. सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३६च्या सुमारास ही अट मोडली. त्याची ‘ऑडिओवॉक्स ७३६’ भरीव लाकडाची होती, तिच्या मानेवर फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या होत्या आणि ती गिटारसारखी आडवी धरून वाजवता यायची. चुंबकाभोवती तारेचं वेटोळं, म्हणजेच पिकअप, पोलादी तारेचं कंपन विजेत पकडतो आणि मोठं करण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. पोकळीची गरज संपली आणि लाकूड कसंही कापायची मुभा मिळाली. टटमार्कचं वाद्य मात्र फारसं खपलं नाही.

१९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. ब्रिजपासून (बॉडीवरचा तारांचा आधार) नटपर्यंत (मानेच्या टोकाचा आधार) तिची तार ३४ इंचांची, आणि आजही बहुतेक बेस याच मापाच्या असतात. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. एवढी लांब मान आणि तिच्या टोकाच्या डोक्यावर तारा ताणायच्या चार जड खुंट्या, म्हणजे पट्ट्यावर अडकवली की गिटार डोक्याच्या बाजूने खाली झुकणार. म्हणून बॉडीचं वरचं शिंग, म्हणजे मानेच्या बाजूचं टोक, लांब पुढे काढलं. पट्टा अडकवायची खुंटी पुढे सरकली आणि तोल सावरला. आज ‘बेसचा आकार’ म्हणून जो डोळ्यांत बसलाय, तो या तोलातून आलेला आहे.

इतरांनी मग वेगळ्या वाटा धरल्या. गिब्सनने १९५३ मध्ये व्हायोलिनच्या आकाराची बेस काढली. जर्मनीच्या हॉफनरने १९५६ मध्ये तसाच आकार पोकळ, हलक्या बॉडीत आणला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर घेतली, त्यामागचं एक कारण तो स्वतःच सांगतो: दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्याच्या हातातही ती उलटी दिसत नाही. १९६३च्या ‘थंडरबर्ड’साठी तर गिब्सनने मोटारींचा आरेखक रे डीट्रिच याला बोलावलं. दिसायला देखणी गिटार, पण मान झुकते ही वादकांची तक्रार तिच्याबद्दल आजही ऐकू येते.

तरी हे सगळे कारखान्याचे आकार होते. वादकाच्या मागणीवरून घडवायचं काम सत्तरच्या दशकात छोट्या कार्यशाळांनी वाढवलं. कॅलिफोर्नियात अ‍ॅलेम्बिकने ‘जेफरसन एअरप्लेन’ या रॉक बँडच्या जॅक कॅसडीसाठी बेस बनवली. न्यूयॉर्कमध्ये कार्ल थॉम्पसनने बेसवादक अँथनी जॅक्सनच्या आग्रहाखातर सहा तारांची बेस घडवली. नेड स्टाइनबर्गरने तर १९८०च्या सुमारास आकाराचा प्रश्नच उलटा केला. त्याने डोकं काढून टाकलं, खुंट्या खालच्या टोकाला नेल्या आणि ग्राफाइटची बॉडी वल्ह्याच्या पात्याएवढी ठेवली. टोकाचं वजनच गेल्यावर तोलासाठी शिंगाची गरज उरली नाही.

म्हणून आज कुणी नवा आकार घेऊन कारागिराकडे गेलं, की चांगला कारागीर लाकडाचा रंग नंतर विचारतो. आधी पट्ट्याची खुंटी कुठे येईल ते पाहतो. ती बाराव्या फ्रेटच्या आसपास आली तर बरं. नाहीतर हलक्या खुंट्या, डोक्याचा लहान आकार किंवा बिनडोक्याची मान असे मार्ग शोधावे लागतात. बसून वाजवताना मांडीवर टेकायला खाच आहे का, टोकदार कोपरा मनगटाला किंवा बरगडीला लागतो का, वरच्या फ्रेटपर्यंत हात जातो का, हेही तेव्हाच ठरतं. बरेच जण पूर्ण मापाचा पुठ्ठा किंवा प्लायवूड कापून गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकवतात आणि त्याला तासभर तसंच उभं राहायला सांगतात. मग पेन्सिल घेऊन कडा पुन्हा आखतात, आणि करवत त्यानंतरच चालते.