अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे आता कावीळ होणार नाही?

परळच्या एखाद्या रक्तदान शिबिरानंतर ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’, म्हणजे यकृताला ग्रासणाऱ्या हेपेटायटिस सी विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात सापडल्या, असा निरोप आला की चाळीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, “बरंच झालं की! अँटीबॉडी तयार झाल्या, आता कावीळ पुन्हा व्हायची नाही.” हेपेटायटिस ए असता तर हे पटलं असतं. सीचं तसं नाही.

हा आरएनए विषाणू स्वतःची नक्कल करताना भरपूर चुका करतो आणि त्या चुकाच त्याच्या पथ्यावर पडतात. त्याचं बाह्य आवरण सतत बदलतं, अँटीबॉडी बिचाऱ्या कालचाच चेहरा शोधत बसतात. शिवाय त्याचं एक विकर (एन्झाइम) यकृताच्या पेशीतली धोक्याची सूचना देणारी प्रथिनंच कापून टाकतं. महिनोन्‌महिने झुंजून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीही थकतात. (यकृताची बरीचशी हानी होते ती विषाणूपेक्षा या लांबलेल्या लढाईमुळेच.)

साधारण १५ ते ४५ टक्के लोकांत विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो, अँटीबॉडी मात्र वर्षानुवर्षं राहतात. म्हणून प्रत्यक्ष विषाणूच शोधणारी आरएनए चाचणी हवीच. विषाणू सापडला तर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. पण दूषित सुईतून लागण पुन्हा होऊ शकते, आणि लस अजून नाही.