छाट (बिडी धंद्यातली)

छाट म्हणजे कामगाराने वळून आणलेल्या बिड्यांतून मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या माणसाने नापास म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्या काढायच्या पद्धतीलाही छाटच म्हणतात. बेळगाव जिल्ह्यात निपाणी आणि आजूबाजूच्या गावांत हे काम बहुतेक बायकांचं. मजुरी हजार बिड्यांच्या दराने मिळते, त्यामुळे छाट किती निघाली यावरच बाईच्या हातात किती पडणार ते ठरतं, आणि म्हणून छाट हा फक्त मालाच्या दर्जाचा विषय धरून चालत नाही, तो मजुरीचा विषय आहे.

शब्दाच्या उगमाबद्दल दोन मतं दिसतात. एक म्हणजे मराठी ‘छाटणे’, कापून टाकणे, यातूनच तो सरळ आला. दुसरं म्हणजे हिंदी ‘छाँटना’ म्हणजे निवडणे, वेगळं करणे, आणि बिडीचा धंदा मध्य प्रांतातून इकडे पसरताना हा शब्द सोबत आला असावा. दुसरं मत जास्त पटतं, कारण छाटेत कापत काहीच नाहीत, निवडतात. पानं कात्रीने कापायचं काम वेगळं आणि त्याला छाट कुणी म्हणत नाही. धंद्यात शब्द नक्की कधी रुजला हे वर्ष लावून सांगता येण्यासारखं नाही, पण १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याखाली महाराष्ट्राने केलेल्या नियमांत तो ‘छाट’ असाच आलाय, म्हणजे तोवर तो चांगलाच रूढ झाला असणार.

घरखाता पद्धतीत, म्हणजे घरीच बसून बिड्या वळायच्या तेव्हा, पानं, तंबाखू आणि दोरा कंत्राटदाराकडून हजाराच्या हिशोबाने मिळतो. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. संध्याकाळी बायका माल घेऊन ओळीत बसतात. तपासणारा एक जुडी उचलतो, चिमटीत दाबून बघतो, सैल लागली, तोंड नीट मिटलं नसलं किंवा पान फाटकं दिसलं की बाजूला. पान मुळातच चिरलेलं मिळालं होतं हे त्या बाईला माहीत असतं, पण ते तिथे मोजलं जात नाही, आणि पानं कमी पडली तर ती पदरच्या पैशाने आणून हजार भरायचे. बाजूला काढलेल्या बिड्या परत दिल्या नाहीत तर पुढे त्यांचं काय होतं हा जुना वाद. म्हणून ‘छाट आमच्या डोळ्यासमोर मोडा’ ही मागणी.

छाटेचं खरं वजन मात्र कोर्टाच्या निकालांत कळतं. बिडी वळणारा कामगार आहे का स्वतंत्र धंदेवाला, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं चालला. १९५८ च्या चिंतामण राव खटल्यात सुप्रीम कोर्टाने सट्टेदार (मालकाला बिड्या वळवून देणारे मधले कंत्राटदार) आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांना कारखान्याचे कामगार मानलं नाही. १९६१ च्या बिर्धीचंद शर्मा खटल्यात मात्र नागपूरच्या कारखान्यातले लोक कामगार ठरले. त्यांना यायची-जायची ठराविक वेळ नव्हती, मजुरी नगावर होती, तरी ठरलेल्या दर्जाची नसलेली बिडी नाकारायचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे देखरेख आहे, असं कोर्टाने धरलं. त्याच सुमाराला सिन्नरच्या शंकर बालाजी वाजे खटल्यात निकाल उलटा गेला आणि न्या. सुब्बाराव यांनी वेगळं मत नोंदवलं. पुढे १९६४ च्या दिवाण मोहिदीन साहेब निकालात कंत्राटदारामार्फत काम करणारेही मालकाचेच कामगार ठरले. या सगळ्यांत बिर्धीचंदची दिशा जास्त योग्य वाटते, कारण ज्या हाताने छाट काढली जाते तोच हात मालक कोण ते सांगतो.

१९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यात घरी काम करणाऱ्या बायकाही आल्या. कलम ३९ मध्ये कच्चा माल देणे, बिड्या नाकारणे आणि नाकारलेल्या बिड्यांची मजुरी या तिन्ही तंट्यांची सोय होती. महाराष्ट्राच्या नियमांत छाट साधारणपणे ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि कामगाराने मुद्दाम हयगय केली नसेल तर छाटेलाही अर्धी मजुरी द्यावी असं होतं. १९७४ मध्ये मंगळूर गणेश बिडी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा कायदा वैध ठरवला, आणि पुढे तो २०२० च्या कामाच्या सुरक्षेच्या संहितेत विलीन केला गेला, ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. ५ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण एका बाईच्या हजारात ५० गेल्या तर २० बायकांच्या मिळून आणखी हजार होतात, म्हणजे एका बाईचा अख्खा दिवस.

सीमाभागात अजून एक पेच आहे. निपाणी १९५६ मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, महाजन आयोगाने ती महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं, ते झालं नाही. सीमावाद आपल्या जागी, पण किमान वेतन आणि नियम राज्याराज्यात वेगळे, आणि पानं-तंबाखूची पोती उचलून दुसऱ्या राज्यात न्यायला वेळ लागत नाही. केरळने १९६८ मध्ये हा कायदा लागू करायला घेतला तेव्हा मंगळूरच्या कारखानदारांनी कण्णूरमधलं काम बंद केलं, आणि त्या बेकार झालेल्या कामगारांसाठीच १९६९ मध्ये दिनेश बिडी सहकारी संस्था उभी राहिली. निपाणीत १९८० च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने तंबाखूच्या वखारीतल्या आणि बिडीच्या बायका संघटित झाल्या. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, हायवेवरचं ठिय्या आणि ६ एप्रिलचा गोळीबार, हे सगळं वेगळं सांगावं इतकं मोठं. पण मुळात तक्रार एकाच जातीची: तंबाखूची प्रत व्यापारी ठरवणार आणि बिडीची कंत्राटदार.

मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) नगावरच्या मजुरीबद्दल हेच लिहिलंय, की पूर्ण दर हवा तर माल सरासरी दर्जाचा लागतो, आणि त्यातूनच मजुरी कापायला आणि फसवायला वाट मिळते. मधले मुकादम का वाढतात तेही तिथे आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये आपल्या घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने तो स्वीकारलेला नाही. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार मात्र भारताने २००४ मध्येच मान्य केला. त्याच्या कलम १७ मध्ये तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडणारं दुसरं काम उभं करायला मदत करावी असं आहे. पण त्यात घरखात्यावरची बाई धरायची तर आधी ती कामगार म्हणून कागदावर हवी, आणि तिच्या हिशोबाच्या बुकात पास झालेल्या बिड्यांसोबत छाटही लिहिलेली हवी.