आयलंड गेम्स फुटबॉल (पुरुष)

आयलंड गेम्स फुटबॉल ही छोट्या छोट्या बेटांच्या टीममध्ये होणारी पुरुषांची फुटबॉल स्पर्धा. दर दोन वर्षांनी, विषम साली, उन्हाळ्यात आयलंड गेम्स भरतात, म्हणजे बेटांचं छोटेखानी ऑलिम्पिकच, आणि त्यातला सगळ्यात जास्त गर्दी खेचणारा खेळ फुटबॉल. यातल्या बहुतेक बेटांना फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं, सदस्यत्व नाहीये, युरोपची फुटबॉल संघटना युएफाचंही नाही. त्यामुळे वर्ल्ड कपची क्वालिफायर (पात्रता मॅच) सोडाच, साधी अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅचसुद्धा त्यांच्या वाट्याला येत नाही. अशा बेटावरच्या पोराला आपल्या बेटाचा झेंडा असलेली जर्सी घालून खेळायचं असेल तर त्याच्यासाठी सगळ्यात मोठी संधी हीच.

गेम्सची सुरुवात 1985 ला ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर झाली, तेव्हा नाव होतं इंटर-आयलंड गेम्स. पहिल्या दोन वेळी फुटबॉल नव्हतंच, ते आलं 1989 ला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर, आणि पहिलं गोल्ड यजमान फेरोनंच घेतलं. भाग घेणारी बेटं तरी किती वेगवेगळी: इंग्लिश खाडीतली जर्सी आणि गर्न्सी, स्कॉटलंडच्या वरची ऑर्कनी आणि शेटलंड, वेल्सचं यिनिस मोन (इंग्रजीत अँगलसी), बाल्टिक समुद्रातली ओलांड, गोटलंड आणि सारेमा, नॉर्वेचं फ्रोया, तिकडे ग्रीनलंड, बर्म्युडा आणि पार दक्षिण अटलांटिकमधून येणारं फॉकलंड. जिब्राल्टर तर बेटच नाही, स्पेनला चिकटलेला खडकाळ भाग आहे, तरी तेही यात खेळलंय. खेळाडूचा त्या बेटाशी जन्माचा किंवा राहण्याचा संबंध असावा लागतो. बहुतेक जण हौशी, नोकरीधंदा सांभाळून खेळणारे, रजा टाकून येतात आणि एकाच आठवड्यात चार-पाच मॅच खेळतात. पूर्ण नव्वद मिनिटं खेळून दुसऱ्या दिवशी परत मैदानात उतरायचं, हे पगारी प्रोफेशनल खेळाडूसुद्धा करत नाहीत. म्हणून इथं पहिल्या अकराइतकंच महत्त्व बेंचवरच्या पोरांना असतं.

फिफाचं दार बंद का, हे कळल्याशिवाय या स्पर्धेचं महत्त्व कळणार नाही. फेरो 1988 ला फिफात गेलं, 1990 ला युएफात, तेव्हा नियम सैल होते. आणि लगेच 12 सप्टेंबर 1990 ला त्यांनी आपल्या पहिल्याच युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) क्वालिफायरमध्ये ऑस्ट्रियाला 1-0 हरवलं! घरी खेळायला नियमात बसणारं गवताचं मैदान नव्हतं म्हणून ही 'होम' मॅच स्वीडनमधल्या लान्सक्रोनाला झाली. गोल केला टोर्किल निल्सननं, जो एरवी लाकूडविक्रीच्या धंद्यात होता, आणि गोलकीपर येन्स मार्टिन क्नुडसेन डोक्यावर गोंडा असलेली पांढरी लोकरीची टोपी घालून खेळला, ती टोपी पुढे जगभर फेमस झाली. याच फेरोनं 1991 चं आयलंड गेम्सचं गोल्ड पण घेतलं.

नंतर मात्र युएफानं नियम बदलला, नवा सदस्य व्हायचं तर तो संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला स्वतंत्र देश पाहिजे. जिब्राल्टरनं अर्ज नियम बदलायच्या आधीच केलेला होता, म्हणून ते कोर्टबाजी करत करत शेवटी 2013 ला युएफात आणि 2016 ला फिफात पोचलं. जर्सीनं पण प्रयत्न केला, 2018 ला युएफानं नाही म्हणून सांगितलं. ग्रीनलंडनं वेगळी वाट धरली, उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या कॉन्ककॅफ या फुटबॉल संघटनेकडे अर्ज केला, तो 2025 ला फेटाळला गेला.

ग्रीनलंडबद्दल थोडं जास्त सांगायला पाहिजे. लोकसंख्या साधारण 56-57 हजार, बर्फामुळे गवत टिकत नाही म्हणून वर्षानुवर्षं लोक खडी-वाळूच्या मैदानावर खेळले, आता बऱ्याच गावांत आर्टिफिशियल टर्फ आलंय. एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ताच नाही, बोट नाहीतर विमान. त्यामुळे आठवड्याला एक मॅच असली लीग तिथं शक्यच नाही, देशाची चॅम्पियनशिप ऑगस्टमध्ये सगळ्या टीम एका ठिकाणी जमवून आठवडाभरात उरकतात. एवढ्या अडचणींतून येऊन हे लोक आयलंड गेम्सच्या फायनलला दोनदा पोचले, 2013 ला आणि 2017 ला. 2013 ला बर्म्युडानं हरवलं, 2017 ला गोटलंडमध्ये आयल ऑफ मॅननं 6-0 नं. आयल ऑफ मॅनचं हे पहिलंच गोल्ड होतं, आणि लक्षात घ्या की गेम्स ज्या बेटानं सुरू केले त्यालाच फुटबॉलच्या गोल्डसाठी इतकी वर्षं थांबावं लागलं, मध्ये 2003 आणि 2015 च्या फायनल गर्न्सीकडून हरले ते वेगळंच.

यजमान बेटाला इथं खरंच फायदा होतो. प्रवास नाही, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि कुठल्याही खेळाडूला रजेची किंवा तिकिटाची अडचण आली म्हणून मागे राहावं लागत नाही. जर्सीनं 1997 ला घरी जिंकलं, गर्न्सीनं 2003 ला, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आयल ऑफ वाइटनं 2011 ला. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते 2005 चं शेटलंड. लोकसंख्या वीस-पंचवीस हजाराच्या आतबाहेर, थंडीत अंधार आणि वारा इतका की तिथली लीगच उन्हाळ्यात खेळतात, आणि त्यांनी लर्विकच्या गिल्बर्टसन पार्कवर फायनलमध्ये गर्न्सीला 2-0 हरवून गोल्ड घेतलं. गर्न्सी 2001 आणि 2003 असं लागोपाठ दोनदा जिंकून आलेली होती.

उलट बाजूही आहे. 2003 ला गर्न्सीला गेम्स होते तेव्हा शेजारच्या सार्क बेटानं टीम उतरवली. सार्क म्हणजे पाचसहाशे माणसांची वस्ती, आपल्याकडची एखादी वाडी असावी तेवढीच, मोटारगाड्यांना बंदी, रस्त्यावर सायकली, घोडागाड्या आणि ट्रॅक्टर. यांच्या चार मॅचचे स्कोअर: जिब्राल्टरकडून 19-0, आयल ऑफ वाइटकडून 20-0, ग्रीनलंडकडून 16-0, फ्रोयाकडून 15-0. चार मॅचमध्ये सत्तर गोल खाल्ले, केला एकही नाही. हे आकडे लोक इंटरनेटवर 'जगातली सगळ्यात वाईट टीम' म्हणून फिरवत असतात, ते मला अजिबात पटत नाही. एवढ्याशा वस्तीतून खेळण्याच्या वयाचे, धडधाकट, आठवडाभर रिकामे असलेले पुरुष किती निघणार? पहिल्या मॅचला 19 गोल खाल्ल्यावर पुढच्या तिन्ही मॅचला टीम मैदानात आली, हे त्या आकड्यात दिसत नाही. शिवाय जिंकणारी जिब्राल्टर काही वर्षांनी फिफाची सदस्य झाली, म्हणजे तुलना कुणाची कुणाशी चाललीये ते बघा.

खर्च हा या स्पर्धेचा कायमचा प्रश्न. 2013 ला गेम्स बर्म्युडाला होते, युरोपातल्या बेटांना तिथं पूर्ण फुटबॉल टीम नेणं परवडेना, तेव्हा पुरुष फुटबॉलला फक्त चार टीम आल्या: बर्म्युडा, ग्रीनलंड, फॉकलंड आणि फ्रोया. पोहण्याला किंवा सायकलिंगला चार माणसं पाठवली तरी भागतं, फुटबॉलला वीसेक जण, कोच, फिजिओ, सगळ्यांचा प्रवास आणि मुक्काम. मैदानं पण भरपूर लागतात. 2019 ला जिब्राल्टरच्या गेम्समध्ये फुटबॉल ठेवलंच नव्हतं, मग यिनिस मोननं पुढाकार घेऊन आपल्या बेटावर वेगळी स्पर्धा भरवली, गावोगावच्या क्लबांच्या मैदानांवर मॅच खेळवल्या आणि ती स्पर्धा जिंकलीही त्यांनीच. 2021 चे गेम्स कोविडमुळे पुढे ढकलले, ते गर्न्सीला 2023 ला झाले.

बेटांमधल्या फुटबॉलची चुरस अर्थात या गेम्सपेक्षा कितीतरी जुनी. जर्सी, गर्न्सी आणि ऑल्डर्नी या तीन बेटांत 1905 पासून मुराटी कप खेळतात, ट्रॉफी मुराटी नावाच्या सिगरेट कंपनीनं दिलेली. ऑल्डर्नीची वस्ती दोन हजाराच्या आसपास, त्यांनी कप एकदाच जिंकलाय, 1920 ला, आणि तरी ते खेळायला येतातच. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यात असाच मिल्न कप आहे, 1919 पासूनचा.

चांगला खेळाडू निघाला की तो इंग्लंडला जातो, हे या बेटांचं जुनं दुखणं. साउथॅम्प्टनचा मॅट ल टिसिए गर्न्सीचा, चेल्सीचा ग्रॅम ल सो जर्सीचा, दोघंही इंग्लंडकडून खेळले, कारण खाडीतल्या बेटांची स्वतःची मान्यताप्राप्त राष्ट्रीय टीमच नाही. यावर अलीकडे बेटांनी एक मार्ग काढला, स्वतःचा क्लब काढून थेट इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये उतरायचं. गर्न्सी एफसी 2011 ला सुरू झाला, जर्सी बुल्स आणि एफसी आयल ऑफ मॅन 2019 ला. जर्सी बुल्सनं तर पहिल्याच सीझनला 27 पैकी 27 लीग मॅच जिंकल्या, आणि तेवढ्यात कोविड आला, सीझन रद्द झाला, निकाल पुसले गेले आणि प्रमोशन (वरच्या लीगमध्ये बढती) मिळालं नाही. आता या तीन बेटांच्या आयलंड गेम्स टीममधले बरेच खेळाडू याच क्लबांतून येतात, म्हणजे दर आठवड्याला इंग्लंडच्या टीमशी खेळून तयार झालेले, आणि फ्रोया किंवा फॉकलंडसारख्या बेटांना त्यांच्याशी बरोबरी करणं आणखी अवघड झालंय.