खेळाडूंचा डॉक्टर व्हायचं तर ब्रँच कोणती?

एमबीबीएसनंतरच्या नीट पीजी परीक्षेचं काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, जवळ आलं की एखादी तरी इंटर्न मला हा प्रश्न विचारतेच. यंदा माझ्या भाचीनं विचारला. "मामा, स्पोर्ट्स मेडिसिनच करायचंय. म्हणजे ऑर्थो घ्यावं लागणार ना?" स्पोर्ट्स मेडिसिन म्हणजे खेळवैद्यक, ऑर्थो म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेची शाखा.

ती कबड्डी खेळायची, राइट कॉर्नर. अकरावीत जिल्ह्याच्या सामन्यात चढाईपटूचा घोटा धरताना तिच्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. कुणी तेल चोळलं, कुणी हाडवैद्याकडे न्यायला सांगितलं. शेवटी लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं. पण मॅटवर परत कधी उतरायचं, त्याआधी मांडीत किती ताकद यायला हवी, पडायची भीती कशी घालवायची, हे सांगणारं कुणी भेटलंच नाही. ती पुन्हा खेळली नाही.

तिच्या प्रश्नातला 'ऑर्थो' कुठून आला, हे पाहायला थोडं मागं जावं लागतं.

या शास्त्राची सुरुवात सर्जननी केलेली नाही. 1928 मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मोरित्झला हिवाळी ऑलिम्पिक चालू असताना वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर एकत्र आले आणि त्यांनी खेळवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. हृदय, श्वास, थकवा यांवर खेळाचा काय परिणाम होतो, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. अमेरिकेत 1954 साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संघटनेतही डॉक्टरांच्या बरोबरीनं शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि शारीरिक शिक्षणातली माणसं होती.

मग सांध्याच्या आत पाहणारी दुर्बीण आली. टोकियोत केंजी ताकागी यांनी 1918 मध्येच मूत्राशयात घालायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी मॉडेलवर मॉडेल तयार करत 21 व्या क्रमांकापर्यंत मजल मारली. त्याच्या टोकाला इवलासा बल्ब असे. 1962 मध्ये त्यांनी दुर्बिणीतून फाटलेल्या मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचा, तुकडा काढला. तोवर गुडघा उघडून बहुतेक वेळा अख्खी गादीच काढून टाकत. आता दोन बारीक छिद्रांत काम होऊ लागलं. 1974 मध्ये लॉस एंजेलिसला फ्रँक जोब यांनी बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या कोपरात दुसऱ्या हाताची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवली आणि तो पुढं पुन्हा मोठ्या लीगमध्ये खेळला. खेळाडूंची रांग सर्जनकडे लागली ती तेव्हापासून. आपल्याकडेही तेच चित्र मनावर ठसलं. 2005 मध्ये सचिनच्या कोपराची शस्त्रक्रिया लंडनला झाली, तेव्हा घराघरात टेनिस एल्बोची चर्चा होती.

एक मूळ मात्र कायम विसरलं जातं, ते पुनर्वसनाचं. इंग्लंडमधल्या स्टोक मँडविलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी 1948 मध्ये मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या हातात धनुष्यबाण दिले. पॅरालिम्पिक त्यातूनच उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. सैन्यातला हा बॉक्सर उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आला. ज्याला आपण पीएमआर (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन) म्हणतो, मुंबईत हाजीअलीजवळच्या संस्थेत 1955 पासून ज्याचं काम चालतं, ती ही ब्रँच. रँकच्या यादीत मुलं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेनं हे सगळे धागे औपचारिकपणे मान्य केले. 1993 पासून फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स आणि इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांसाठी स्पोर्ट्स मेडिसिनची परीक्षा सुरू झाली. पीएमआर पुढं सामील झालं. ऑर्थोपेडिक सर्जनसाठी वेगळी परीक्षा आली ती 2007 मध्ये. तिथं सुरी न धरणाऱ्यांची वाट म्हणजे आधी रेसिडेन्सी (एखाद्या शाखेचं पदव्युत्तर प्रशिक्षण), मग साधारण वर्षभराची फेलोशिप, आणि त्या वाटेनं येणाऱ्यांत फॅमिली मेडिसिनवाले सर्वांत जास्त. ब्रिटननं 2005 मध्ये थेट स्वतंत्र विशेष शाखाच मानली.

भारतात 1961 मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिथं प्रशिक्षक घडले, पुढं डॉक्टरांसाठी स्पोर्ट्स मेडिसिनचा डिप्लोमाही आला. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातलं स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर उभं राहिलं. एमबीबीएसनंतर थेट एमडी स्पोर्ट्स मेडिसिन करता येतं, पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातही, पण देशभरातल्या जागा मोजक्याच. म्हणून मुलं ऑर्थो घेतात आणि नंतर आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून सांध्याच्या शस्त्रक्रियेची, फेलोशिप करतात. ती वाट चांगलीच आहे, फक्त ऑपरेशन थिएटरवर जीव असलेल्यांसाठी. खेळाडूंच्या बऱ्याचशा तक्रारींना सुरी लागतच नाही. स्नायू ताणला जातो, घोटा मुरगळतो, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, मुलींची पाळी थांबते, तालमीतल्या पोरांचे वजन उतरवण्याच्या नादात हाल होतात.

भाचीला मी एकच विचारलं, "तुझ्या गुडघ्याच्या वेळी तुला कोण हवं होतं? ऑपरेशन करणारा, की नंतरचे नऊ महिने सोबत राहणारा?"

तिनं वहीत पसंतीक्रम लिहिला. आधी एमडी स्पोर्ट्स मेडिसिन, मग पीएमआर, मग ऑर्थो. मग पीएमआरच्या जागा कुठंकुठं आहेत ते शोधायला बसली.