वॉशिंग्टनविषयक आख्यायिका

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (२२ फेब्रुवारी १७३२–१४ डिसेंबर १७९९) यांच्या चरित्राला चिकटलेल्या कल्पित कथा. त्यांतल्या बहुतेक त्यांच्या निधनानंतर रचल्या गेल्या. नव्या देशात राजा नव्हता आणि सगळ्यांचा म्हणावा असा इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा. उत्तर-दक्षिणेतल्या सर्व राज्यांनी आपला मानावा असा एक पुरुष मात्र हवा होता. वॉशिंग्टन स्वभावाने अबोल. ते ११ वर्षांचे असताना वडील वारले, आणि बालपणाची कागदपत्रेही तुटपुंजी. कथाकाराला मोकळे रान मिळाले.

ते साधले मेसन लॉक वीम्स या धर्मोपदेशकाने. तो गावोगाव पुस्तके विकत फिरे, त्यामुळे काय खपते हे त्याला नेमके ठाऊक होते. त्याचे वॉशिंग्टन-चरित्र १८०० मध्ये निघाले. चेरीच्या झाडाची गोष्ट, म्हणजे वडिलांच्या झाडावर कुऱ्हाड चालवून लहानग्या जॉर्जने ते खरेपणाने कबूल केल्याची, त्यात आली १८०६ च्या आवृत्तीत. आधार काय, तर नात्यातल्या एका वृद्धेची आठवण, तीही निनावी. गंमत म्हणजे वीम्सचा सहा वर्षांचा जॉर्ज झाड तोडतच नाही. कुऱ्हाडीने त्याची साल पार सोलवटतो. झाड आडवे केले ते पुढच्या सांगणाऱ्यांनी. शालेय वाचनमालांनी ही गोष्ट घरोघर नेली. स्वातंत्र्ययुद्धातल्या व्हॅली फोर्ज या लष्करी तळावरच्या बर्फात गुडघे टेकून केलेली प्रार्थनाही वीम्सचीच देणगी. १९२८ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले.

चित्र-शिल्पकारही मागे राहिले नाहीत. होरेशिओ ग्रीनोने संगमरवरात त्यांना झ्यूस या ग्रीक देवासारखे उघड्या अंगाने बसवले (१८४१), तेव्हा लोक हसले. १८६५ मध्ये कॉन्स्टन्टिनो ब्रुमिडीने संसदभवनाच्या घुमटात त्यांना देवतांच्या मेळ्यात रंगवले. ते चित्र आजही तिथे आहे.

वॉशिंग्टन लाकडी दात वापरत, ही समजूत वरवर निरुपद्रवी. प्रत्यक्षात त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, शिसे, जनावरांचे आणि माणसांचेही दात होते. १७८४ च्या त्यांच्या हिशेबवहीत गुलामांना नऊ दातांपोटी पैसे दिल्याची नोंद सापडते. ते दात त्यांच्याच कवळीसाठी होते, असे वहीत म्हटलेले नाही. निधनाच्या वर्षी त्यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ खुद्द त्यांच्या मालकीचे. या १२३ जणांपैकी एक सोडून बाकीच्यांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.