क्रॅश बँडिकूटची ‘एन. सेन ट्रिलॉजी’ : उडीच्या वादाची पार्श्वभूमी

‘एन. सेन ट्रिलॉजी’, म्हणजे क्रॅश या पात्राच्या तीन जुन्या व्हिडिओ गेमचा नव्याने बनवलेला संच, ३० जून २०१७ रोजी प्लेस्टेशन ४ वर आली आणि पहिल्या आठवड्यातच खेळाडूंमध्ये दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं होतं, उडी बिघडवली आहे. दुसरा गट म्हणायचा, गेम तोच आहे, वीस वर्षांत तुमचा हात गेला. चित्रं, संगीत, किंमत यांबद्दल फारसं दुमत नव्हतं. वाद पेटला तो एका उडीवरून, आणि मुख्यतः तीन भागांपैकी पहिल्याच भागावरून. हा वाद अजून अधूनमधून डोकं वर काढतो. त्यात खेळाडूंची तक्रार कल्पनेतली नव्हती, हे आधीच सांगायला हवं.

मूळ तीन भाग १९९६, १९९७ आणि १९९८ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आले. पहिला भाग बनला तेव्हा त्या कन्सोलच्या कंट्रोलरला ॲनालॉग स्टिकच (कुठल्याही दिशेला कलणारी छोटी दांडी) नव्हती. सगळ्या लेव्हल डी-पॅड, म्हणजे ठरावीक दिशांची बटणं, गृहीत धरून आखलेल्या होत्या : सरळ पुढे, सरळ मागे, किंवा अचूक तिरकं. कॅमेरा ठरलेल्या मार्गावरून चालायचा आणि बहुतेक वेळ क्रॅशच्या पाठीमागे असायचा. अशा कॅमेऱ्यात समोरची फळी किती लांब आहे, याचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही. त्यामुळे उडीत थोडी सूट असणं गरजेचं होतं. ती सूट मूळ गेममध्ये होती आणि कुणाच्या लक्षातही येत नव्हती.

बाकी बाबतींत १९९६ चा पहिला भाग अजिबात दयाळू नव्हता. बोनस फेरी पूर्ण केली किंवा रत्न मिळालं, तरच सेव्ह करता यायचं, नाहीतर पासवर्ड टिपून ठेवून पुढच्या वेळी तो घालावा लागायचा. रत्नासाठी लेव्हलमधली प्रत्येक पेटी फोडावी लागायची, तीही एकदाही न मरता. पेट्या राहिल्या की लेव्हलच्या शेवटी त्या एकेक करून क्रॅशच्या डोक्यावर आदळायच्या. २०१७ च्या आवृत्तीने हे सगळं सैल केलं. सेव्ह कधीही करता येतं, आणि पहिल्या भागातली साधी रत्नं मरूनही मिळतात. न मरण्याची अट फक्त रंगीत रत्नांना राहिली. वादाच्या भरात ही बाजू हमखास विसरली जाते. नियमांपुरतं पाहिलं तर नवा संच मूळ गेमपेक्षा बराच सोपा आहे. अवघड झाली ती एकच गोष्ट, ती म्हणजे उडी, पण उड्या मारत पुढे जायच्या अशा प्लॅटफॉर्म गेममध्ये तीच गोष्ट दर दोन सेकंदांनी करावी लागते.

मधल्या काळात मालिकेचे हक्क हातोहात फिरले, वेगवेगळ्या स्टुडिओंनी पुढचे भाग काढले आणि २००८ नंतर कन्सोलवर क्रॅश जवळजवळ दिसेनासा झाला. जून २०१६ मध्ये जुने तीन भाग नव्याने येणार, अशी घोषणा झाली. जाहिरातीत शब्द होता ‘रीमास्टर’. बनवणाऱ्यांनी पुढे ‘रीमास्टर प्लस’ म्हणायला सुरुवात केली. खेळाडूंची अपेक्षा इथूनच ठरली. रीमास्टर म्हटलं की जुनाच गेम धारदार चित्रांत मिळणार, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात जुनं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, वापरलेलंच नव्हतं. मूळ लेव्हलचे सांगाडे, म्हणजे कुठे फळी, कुठे खड्डा, कुठे भिंत, हे मिळालं होतं. त्यावर सगळं नव्याने चढवलं. क्रॅश कसा पळतो, उडतो, आदळतो, हेही नव्या इंजिनात पुन्हा लिहावं लागलं. जमीन १९९६ ची राहिली आणि तिच्यावर उड्या मारणारं शरीर २०१७ चं आलं.

आता मुख्य मुद्दा. उडीत नेमकं बदललं काय?

पहिला बदल कोलिजनचा, म्हणजे क्रॅशचा जमिनीशी स्पर्श झाला की नाही हे गेम कसं ठरवतो त्याचा. मूळ गेममध्ये क्रॅशच्या पायाखालचा भाग हिशेबाला सपाट धरलेला होता, चौकोनी खोक्यासारखा. खोक्याचा कोपरा फळीच्या कडेवर टेकला की क्रॅश उभा राहायचा, मग पाय अर्धे हवेत असले तरी चालायचं. नव्या इंजिनात शरीराचा आकार कॅप्सूलचा आहे, म्हणजे तळ गोल. गोल तळ कडेवर टेकला की स्पर्शाची दिशा तिरकी होते, आणि इंजिन त्याला उतारावर उभं असल्यासारखं बाहेर सरकवतं. म्हणून कडेवर नीट उतरलेला क्रॅश क्षणभर थांबून घसरत खाली गेल्यासारखा दिसतो. कॅप्सूल हा काही कुणाचा हट्ट नव्हता. आजच्या इंजिनांत पात्रांना हाच आकार सर्रास देतात, कारण तो पायऱ्या, उतार आणि ओबडधोबड जमिनीवर अडकत नाही. मोठ्या मोकळ्या जगात तो उत्तम चालतो. पण जिथे एकेक फळी मोजून ठेवलेली आहे, तिथे दोन्ही कडांची थोडी थोडी जागा तो खाऊन टाकतो. रुंद दगडावर हे जाणवत नाही. अरुंद फळीवर उतरण्याची जागाच आकसते.

दुसरा बदल खाली पडण्याच्या वेगाचा. नव्या आवृत्तीच्या पहिल्या भागात क्रॅश जवळपास पूर्वीइतकाच वर जातो, पण उतरतो लवकर. हिशेब साधा आहे : उडीचं अंतर म्हणजे पुढे जाण्याचा वेग गुणिले हवेत राहण्याचा वेळ. समजा वर जायला ०.४ सेकंद आणि खाली यायला ०.४ सेकंद लागत होते. उतरण्याचा वेळ ०.३ सेकंदांवर आला, तर हवेतला एकूण वेळ ०.८ वरून ०.७ होतो आणि अंतर साडेबारा टक्क्यांनी घटतं. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण घोळ असाच होतो. उंची बदललेली नसल्यामुळे डोळ्यांना उडी पूर्वीसारखीच वाटते, आणि शेवटच्या क्षणी पाय फळीच्या अलीकडे पडतात. जुना खेळाडू आधी स्वतःलाच दोष देतो, मग कंट्रोलरला, आणि बऱ्याच वेळाने गेमला.

हे दोन्ही बदल एकत्र आले, तेव्हा खड्डे मात्र जुन्याच मापाचे होते. त्यातला एकच बदल असता, तर कदाचित कुणी ओरडलं नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्या निर्णयावर सर्वाधिक टीका झाली तो निर्णय. प्रकाशनानंतर काही आठवड्यांतच बनवणाऱ्यांनी जाहीर खुलासा केला. त्यात त्यांनी कोलिजनची पद्धत मूळ गेमपेक्षा वेगळी असल्याचं आणि काही उड्या जास्त अचूक माराव्या लागतात हे मान्य केलं. चालण्या-उडण्यासाठी तिसऱ्या भागाची हाताळणी पाया म्हणून घेतली, कारण तिन्हींत ती सर्वांत सुधारलेली होती, आणि मग प्रत्येक भागासाठी थोडे फेरफार केले, असंही सांगितलं. या खुलाशाने तक्रार खरी ठरली, तरी राग शमला नाही. तीन गेम एका संचात देताना हाताळणी एकसारखी असावी, हा विचार चुकीचा नाही. एक संपवून दुसरा सुरू करणाऱ्याला त्याचा फायदा होतोच. पण पहिल्या भागाचे खड्डे पहिल्या भागाच्या उडीसाठी मोजलेले होते. हाताळणी बदलायची तर खड्डेही त्याच प्रमाणात बदलायला हवे होते. खड्डे जसेच्या तसे ठेवायचे तर सपाट तळ आणि जुना उतरण्याचा वेग परत आणायला हवा होता. यांतलं काहीच पूर्ण झालं नाही. २०१८ मध्ये इतर कन्सोलवर आणि पीसीवर संच आला, तेव्हाही मूळ बांधणी तीच राहिली.

तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या भागाबद्दल इतक्या का झाल्या नाहीत, याचं उत्तर त्या भागांतल्या चालींत आहे. दुसऱ्या भागात सरकणं आणि वाकून उडी आली. सरकता सरकता उडी मारली की क्रॅश साध्या उडीपेक्षा लांब जातो, त्यामुळे घटलेलं अंतर भरून निघतं. तिसऱ्या भागात एका बॉसला (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) हरवल्यावर डबल जंप, म्हणजे हवेतच दुसरी उडी, मिळते, पुढे हवेत तरंगवणारी गिरकी मिळते. पाय कडेवरून घसरला तरी सावरता येतं. पहिल्या भागात यांतलं काहीच नाही. उडी, गिरकी आणि पेटीवर किंवा शत्रूवर आपटून मिळणारी उसळी, एवढंच भांडवल.

म्हणूनच ‘रोड टू नोव्हेअर’, ‘द हाय रोड’ आणि ‘स्लिपरी क्लाइंब’ ही नावं प्रत्येक तक्रारीत येतात. पहिल्या दोन लेव्हल म्हणजे धुक्यात लटकलेले दोरांचे पूल : काही फळ्या पाय पडताच ढासळतात, काही निसरड्या, मध्ये अंगावर धावून येणारी रानडुकरं आणि पालथी करून उसळी घ्यायची कासवं. तिसरी लेव्हल म्हणजे पावसात भिजलेला किल्ल्याचा उभा कडा, भिंतीत आत-बाहेर होणाऱ्या पायऱ्यांचा. इथे फळी किंवा पायरी अरुंद, पाय ठेवायला वेळ कमी आणि खाली दरी. कॅप्सूलचा गोल तळ सर्वांत जास्त नडतो तो नेमका इथे.

या लेव्हल खेळताना काही गोष्टी हमखास उपयोगी पडतात. पुलांवर ॲनालॉग स्टिक सोडून डी-पॅड धरावा. स्टिक अंशभर जरी तिरकी झाली तरी क्रॅश हळूहळू फळीच्या बाजूला सरकतो आणि उडी तिरकी जाते. उडीचं बटण शेवटपर्यंत दाबून धरावं, अर्धवट दाबलेली उडी या आवृत्तीत फार आखूड पडते. फळीच्या अगदी काठावरून उडायचा मोह टाळावा : काठावर गोल तळ आधीच घसरायला लागलेला असतो, आणि बटण दाबेपर्यंत क्रॅश पडू लागलेला असतो. काठाच्या किंचित आधी उडावं आणि पुढच्या फळीच्या मध्यावर नजर ठेवावी, अलीकडच्या काठावर नाही. कासवावरून जाताना बटण दाबूनच ठेवावं, म्हणजे उसळी पूर्ण मिळते. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवर चढून चालत जाण्याची जुनी युक्ती नव्या आवृत्तीतही चालते. डी-पॅडवर फक्त ‘वर’ धरून सरळ जायचं. पेट्या मात्र फळ्यांवर असतात, त्यामुळे रत्न हवं असेल तर खाली उतरावंच लागतं.

टाइम ट्रायलमुळे हा प्रश्न आणखी टोचला. घड्याळाविरुद्ध पळून ‘अवशेष’ (रेलिक) नावाचं बक्षीस मिळवण्याचा प्रकार मूळ संचात फक्त तिसऱ्या भागात होता. २०१७ मध्ये तो पहिल्या दोन भागांतही आणला. पुलावर थांबून, अंदाज घेऊन उडणारा खेळाडू कसातरी पार होतो. सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या वेळेसाठी थांबायला सवड नसते. संचावर सर्वांत जास्त प्रेम करणारे आणि सर्वांत जास्त चिडलेले खेळाडू बऱ्याचदा हेच होते, कारण शंभर टक्क्यांच्या पलीकडे जायचा ध्यास त्यांनाच होता.

इतर मतभेद तुलनेने लहान आहेत. क्रॅशची बहीण कोको हिला घेऊन बहुतेक लेव्हल खेळता येणं जवळपास सगळ्यांना आवडलं. तिसऱ्या भागातल्या मोटरसायकल आणि जेट-स्कीच्या हाताळणीवर कुरकुर झाली. प्लेस्टेशन ४ वर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे मूळइतक्याच, यावर काहींची नाराजी होती. पीसीवर ६० फ्रेम मिळाल्यावर ती विरली. निन्टेंडो स्विचवर चित्र टीव्हीला जोडल्यावर ७२०पी आणि हातात धरल्यावर ४८०पी इतकं उतरतं, फर आणि गवताचं काम बरंच कमी केलेलं आहे. तरी लहान पडद्यावर ते खपून जातं, अशीच बहुतेकांची धारणा झाली.

‘स्टॉर्मी असेंट’चं प्रकरण वेगळं. ही लेव्हल १९९६ मध्येच तयार होती, पण फार अवघड म्हणून वगळली. डिस्कवर मात्र ती राहिली आणि चीट उपकरण वापरणाऱ्यांना सापडली. २० जुलै २०१७ पासून महिनाभर ती सगळ्यांना मोफत दिली. ‘स्लिपरी क्लाइंब’चीच जात, फक्त लांबी आणि निर्दयता जास्त. उडीचा वाद तापलेला असताना ती आल्यामुळे दोन्ही गटांना आयताच पुरावा मिळाला : एकाला ती केवळ सहनशक्तीची परीक्षा वाटली, दुसऱ्याला इतक्या वर्षांनी न्याय मिळाल्यासारखं वाटलं. २०१८ मध्ये ‘फ्यूचर टेन्स’ ही नवी लेव्हल तिसऱ्या भागात आली. ती नव्या उडीच्या मापानेच आखलेली असल्यामुळे कठीण असूनही तिच्याविषयी अन्यायाची तक्रार क्वचितच ऐकू येते. चुकलं ते माप, अवघडपणा नव्हे, हे यावरून कळतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये दुसऱ्या एका स्टुडिओने चौथा भाग काढला. त्यात क्रॅश हवेत असताना तो नेमका कुठे उतरणार, हे दाखवणारं गोल कडं जमिनीवर उमटतं. नको असेल तर सेटिंगमधून बंद करता येतं. पाठीमागच्या कॅमेऱ्यात अंतर कळत नाही, ही १९९६ पासूनची अडचण इतक्या थेटपणे प्रथमच सोडवली गेली. कडं नसलेल्या २०१७ च्या संचाकडे परतणाऱ्यांना पहिला भाग त्यानंतर आणखीच कठोर वाटू लागला.

ऑगस्ट २०२४ पासून हा संच मासिक वर्गणीच्या सेवेतही मिळू लागला आणि मूळ गेम कधीच न खेळलेले खेळाडू त्याकडे वळले. त्यांना काय बदललं याच्याशी देणंघेणं नाही, पण अडतात ते त्याच पुलांवर. संच उघडला की मेनूत पहिला भाग पहिला दिसतो आणि अनेकजण तिथूनच सुरुवात करून ‘द हाय रोड’वर सोडून देतात. त्यापेक्षा दुसरा भाग आधी खेळावा, मग तिसरा आणि शेवटी पहिला. या भागांच्या कथेत असं काही नाही की क्रम मोडल्याने बिघडेल, आणि पुलांशी गाठ पडेल तोवर नव्या उडीचं अंतर हातात बसलेलं असेल.